पेटीत परत न घेतलेलं थर्मल

सरांनी ट्रेकिंगच्या काठीचं टोक आईनं शिवलेल्या बंडीच्या बाहीत घातलं आणि बंडी वर उचलून सगळ्यांना दाखवली. हातानं नाही. काठीनं.

"हे काय आहे गं? चादर कापून आणलीस की काय?"

सगळे हसले. मीपण हसले. चारचौघांत आपली फजिती होत असली की आपणच आधी हसतो, आणि बाकीच्यांचं काम सोपं करून टाकतो.

ऑक्टोबरचं ऊन होतं. सोलापुरातलं. सरांच्या बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याची शेड, खाली सतरंजी, आणि सतरंजीवर ग्रुपमधल्या प्रत्येकानं मांडलेले बर्फातले कपडे. पंखा गरम हवा फेकत होता. घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि चर्चा उणे तापमानाची. सर निवृत्त प्राध्यापक. दर हिवाळ्यात शहरातल्या हौशी लोकांना घेऊन ते हिमालयात बर्फातल्या ट्रेकला जातात. निघायच्या बरंच आधी सगळ्यांचं सामान तपासतात, म्हणजे चुकलेलं बदलायला वेळ मिळतो. सगळ्यात पहिलं तपासतात ते अंगालगत घालायचं थर्मल. त्याला ते बेस लेयर म्हणतात.

माझा बेस लेयर काठीवर लटकत होता. आत फलालीन, छातीवर आणि पाठीवर सोलापुरी चादरीचा तुकडा. थंडी म्हटलं की आम्हाला चादरच आठवते. दुसरं काय आठवणार? आईनं विचार केला, बर्फ म्हणजे लई थंडी, मग कापड जाड पाहिजे. तिनं बाजारातनं फलालीन आणलं, मशीनवर बसली, आणि पोरगी गारठू नये म्हणून शिवलं.

"सुती," सर म्हणाले. "बर्फात सुती कपडा म्हणजे मरण. चालताना घाम येतो, कापड तो पितं, ओलं राहतं. तुम्ही थांबलात की तेच कापड तुम्हाला गारठवतं. मी हे किती वेळा सांगितलंय? पण खेड्यातनं आलं की जाड म्हणजे गरम, एवढंच डोक्यात असतं."

हीच पंचाईत होती. माणूस खोटं बोलत असता तर भांडता आलं असतं. कापडाबद्दल ते खरं बोलत होते. त्या खऱ्याच्या आडून बाकीचं सगळं माझ्या अंगावर टाकत होते, काठी, हसू, खेडं, आई. आणि मी मान हलवत होते, हो सर, हो सर.

मग वहिनी उठल्या. सरांच्या पत्नीला सगळा ग्रुप वहिनीच म्हणतो. त्यांनी कोपऱ्यातली लोखंडी पेटी उघडली. ही पेटी ग्रुपची. वर्षानुवर्षं जमलेली थर्मलं, कानटोप्या, हातमोजे तिच्यात असतात. ज्याच्याकडं नाही त्यानं न्यायचं, वापरायचं, धुऊन परत पेटीत टाकायचं. पुढच्या वेळी दुसरा कुणी घालतो. ग्रुपला या पेटीचा मोठा अभिमान. इथं सगळं सगळ्यांचं, असं सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात.

वहिनींनी मला एक करडा जोड दिला, वरचा अंगरखा आणि खालची विजार. पद्मालाही एक दिला. पद्मा माझी मैत्रीण, कॉलेजच्या हॉस्टेलपासूनची. तेलुगू विणकरांच्या घरातली, घरच्या टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. आम्ही दोघींनी मिळूनच या ग्रुपमध्ये नाव घातलं होतं. मी जोड घेतला आणि "थँक यू वहिनी" म्हणाले. बंडी घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवली, कुणाला दिसू नये म्हणून.

आता लिहून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. आम्ही दलित. मोहोळजवळच्या एका गावातले, वेशीबाहेरच्या वस्तीतले. माझं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून लगेच कळत नाही. मग लोक गाव विचारतात. गावावरूनही कळलं नाही की घर गावात कुठं, ते विचारतात. तिसरा प्रश्न आला की मी सावध होते. ही सवय जन्मतः नव्हती, लावली गेली.

चौथीत होते. आई ज्यांच्या शेतात खुरपायला जायची त्यांच्या घरून एक फ्रॉक आला. जांभळा, गळ्याला झालर. मी शाळेत घालून गेले. त्या घरातली मुलगी माझ्याच वर्गात. तिनं माझ्या फ्रॉकचं टोक धरलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"ह्यो माझा हाय. ही बघा हितं शाई सांडलीया."

मी म्हणाले, पाहिजे तर घे परत. ती म्हणाली, "आता मला नको. तू घातलायस की."

घरी येऊन आईला सांगितलं. आई रडली नाही, ओरडली नाही. फ्रॉक उतरवला आणि चुलीत घातला. नंतर तिनं शिवणकाम शिकून घेतलं, जुनं मशीन मिळवलं, आणि त्यानंतर आमच्या घरात कुणाच्या अंगावरून उतरलेला कपडा आला नाही. भाऊबिजेची साडीसुद्धा ती घडी मोडून बघायची, आधी कुणी नेसलेली तर नाही ना म्हणून.

म्हणून मी करडा जोड घरी घेऊन गेले तेव्हा आईनं तो हातात घेतला नाही. लांबूनच विचारलं.

"कुनाचं हाय?"

"ग्रुपचं."

"ग्रुप म्हंजी कोन?"

"सगळे. सगळ्यांनी मिळून वापरायचं असतं. आणि आई, तू शिवलेलं तिथं चालत नाही. सुती आहे."

"आसं व्हय," एवढंच म्हणाली. तिचा पडलेला चेहरा मी बघितला आणि तरीही मला तिचाच राग आला. जग बदललंय, हिलाच कळत नाही, असं वाटलं. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला आहे. शिकलेल्या लोकांत वावरते. मला बर्फ बघायचा होता. उन्हात भाजून निघालेल्या गावातल्या मुलीला बर्फ बघावासा वाटतो, यात कारण सांगण्यासारखं काही नाही. आणि तो मला त्यांच्यातलीच एक होऊन बघायचा होता.

डिसेंबरात सरावासाठी सह्याद्रीतल्या एका गडावर गेलो. मुक्काम वरती, वारा अंगाला कापत होता. करड्या जोडात मला थंडी वाजली नाही. चढताना घाम आला, पण अंगावर थांबला नाही, बसल्यावर पाठ कोरडीच राहिली. मनात म्हटलं, सर बरोबर होते. मला फार बरं वाटलं होतं त्या संध्याकाळी. शेकोटीजवळ वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. शेंगाचटणी-भाकरी एकत्र खाल्ली. बोलता बोलता त्यांनी विचारलं,

"मोहोळजवळ म्हणजे नक्की कुठं गं?"

मी गाव सांगितलं.

"हो का? आमच्या नात्यातले आहेत तिथं. तुमचं घर गावात कुठं?"

तिसरा प्रश्न. पण शेकोटी होती, गड होता, अंगात त्यांचंच थर्मल होतं. मी सावध झाले नाही. सांगून टाकलं, "वेशीबाहेर. बुद्धविहाराला लागून."

"अच्छा," वहिनी म्हणाल्या. "छान." आणि थोड्या वेळानं चहा बघायला उठून गेल्या.

परत आल्यावर पद्मा आणि मी आपापला जोड धुऊन, वाळवून, घडी घालून वहिनींकडं गेलो. पद्माचा त्यांनी घेतला, पेटी उघडली, आत ठेवला. माझा घेतला नाही.

"तुझ्याकडंच राहू दे गं. तुला किती छान बसलाय. दिला म्हणून समज."

मला आनंद झाला! खरंच झाला. मायेनं दिलं असं वाटलं. रिक्षात बसून पद्माला म्हणाले, बघ, वहिनी किती मोठ्या मनाच्या आहेत. घरी आईला सांगितलं, तो जोड आता माझाच, कायमचा.

आई वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

"पद्मालाबी दिला का?"

"नाही. तिचा पेटीत ठेवला."

आई सोलत राहिली. मी मात्र उभी होते ती उभीच राहिले. तिच्या त्या एका प्रश्नात मला चौथीतला फ्रॉक दिसला. आता मला नको, तू घातलायस की.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नव्हती. मी स्वतःलाच खोटं पाडायचा प्रयत्न केला. असेल बसलेला छान. असेल दया आली. असेल जोड जुना झालेला, द्यायचाच होता कुणाला तरी. पद्माचा तर त्याहून जुना होता, गुडघ्याला उसवलेला. मग वाटलं, मीच वेडी. सगळीकडं तेच दिसतं मला, जळलेल्याला धूर दिसावा तसं. संशयाचा एक वाईट गुण असतो. समोरचा दोषी असो नसो, झोप आपलीच जाते. वहिनींनी एक जोड पेटीबाहेर ठेवला आणि त्या आरामात होत्या. मी इकडं गडावरचा एकेक घोट, एकेक घास आठवून तपासत बसले होते. माझ्या बाटलीतलं पाणी कोण प्यालं? माझ्या शेजारी झोपायला कोण आलं? पद्मा. फक्त पद्मा.

शेवटी मी वहिनींना फोन केला. म्हटलं सरळ विचारावं.

"वहिनी, पद्माचा जोड पेटीत ठेवलात. माझा का नाही ठेवला?"

वहिनी हसल्या.

"अगं, तसं काही नाही. तू कशाला मनाला लावून घेतेस? अंगालगतचा कपडा असतो ना, कुणाला चालतं, कुणाला नाही चालत. तसं अजिबात काही नाही हं."

मी फोन ठेवला. 'तसं' काही आहे का, असं मी विचारलंच नव्हतं. 'तसं' त्यांनीच आणलं होतं.

मग मी ठरवलं, माझं थर्मल मी घेणार. आणि नुसतं घेणार नाही, काय घेतेय ते कळून घेणार. सरांचं म्हणणं मला सरांशिवाय तपासायचं होतं. ग्रंथालयात बसून जे मिळालं ते वाचलं. नव्या पेठेतली दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणायचे, "मॅडम, सोलापुरात हे कशाला?" आणि थर्मल म्हणून सुतीच पुढं करायचे. मी आतली पट्टी वाचायची, कापड ताणून बघायची, उजेडाला धरायची. एकजण वैतागून म्हणाला, "साडीबी एवढी बघत न्हाईत हो लोक." मेरिनो लोकर चांगली, पण तिची किंमत आपल्याला झेपणारी नव्हती. शेवटी पॉलिस्टरचे दोन जोड घेतले, चालायला पातळ, मुक्कामाला थोडा जाड. दोन्ही अंगाला घट्ट बसणारे, कारण सैल राहिलं की मधल्या फटीत गार हवा खेळते.

पण सोलापुरात थंडीचा कपडा तपासायचा कुठं? माझे मामा मोहोळकडं एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला कामाला आहेत. त्यांना विचारलं.

"आतल्या थंडीनं आमी बाहीर पळतूय, आन तू मुद्दाम येतीस व्हय?" मामा म्हणाले. पण मालकाला विचारून त्यांनी मला आत घेतलं.

सोबत आईची बंडीपण नेली होती. तीच आधी घातली. बेदाण्याचे खोके इकडून तिकडं नेले, पार घाम निघेपर्यंत. मग एका खोक्यावर गप्प बसले. थोड्या वेळात पाठीवर ओला गारठा चिकटला, दात वाजायला लागले. बाहेर येऊन अंग कोरडं केलं, पातळ जोड घातला, पुन्हा खोके उचलले, पुन्हा बसले. थंडी होती, पण अंगाबाहेर होती. मामा दारातनं ओरडत होते, "बास कर की गं, ताप यील!" मला हसू येत होतं. खूप दिवसांनी येत होतं. कापडाबद्दल सर बरोबर होते, हे आता मला त्यांच्या तोंडून ऐकायची गरज राहिली नव्हती.

जानेवारीत निघण्याआधीची शेवटची तपासणी झाली. तीच गच्ची, तीच सतरंजी. मी लवकर गेले. पेटी उघडीच होती. पिशवीतनं करडा जोड काढला आणि पेटीत सगळ्यात वर ठेवला. मग माझे दोन जोड सतरंजीवर मांडून बसले.

ग्रुपमध्ये एक नवीन बाई आल्या होत्या, बदलून आलेल्या कुठल्याशा अधिकाऱ्याच्या पत्नी. त्यांच्याकडं थर्मल नव्हतं. सर म्हणाले, काळजी करू नका, आपली पेटी आहे, इथं सगळं सगळ्यांचं. वहिनी पेटीकडं गेल्या. वरचा करडा जोड बघून थबकल्या. मग तो दोन बोटांनी कडेला सरकवला आणि खालचा उपसायला लागल्या.

"वरचाच द्या की वहिनी," मी म्हणाले. "धुतलेला आहे. मीच घातला होता."

नव्या बाईंनी हात पुढं केला होता. वहिनींचा हात थांबला, तो बघून बाईंचाही थांबला.

"अगं, तो तुला दिलाय ना?"

"मी मागितला नव्हता. ग्रुपचा आहे. पद्माचा आत गेला, तसा माझाही जाऊ दे."

सर उठून जवळ आले.

"काय चाललंय हे? डोंगरावर आपण जातपात मानत नाही. इथं सगळ्यांना माहीत आहे ते."

"सर, जात मी काढली नाही. मी थर्मलचं विचारलं."

मी थांबले नाही. जोड पेटीतनं उचलला आणि सगळ्यांकडं वळून विचारलं, "हा कोण घालणार?"

कुणी बुटाकडं बघितलं. कुणी मोबाईल काढला. एकजण उगाच पंख्याचा वेग वाढवायला उठला. मी पद्माकडं बघितलं. ती वाकून सॅकचा पट्टा आवळत होती, तशीच आवळत राहिली, आधीच आवळलेला. एकही हात आला नाही. इतके दिवस मला झोप लागत नव्हती, ती या एका गोष्टीच्या शोधात. आता सापडली होती. अंदाज संपला.

सर हळू आवाजात, समजुतीच्या सुरात बोलले. "हे बघ, असं मन घेऊन बर्फात एका दोराला बांधून चालता येत नाही. सगळ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. तू या वेळी थांब. पुढच्या वर्षी बघू."

मला काढून टाकायचं कारण पुन्हा डोंगरच होता. पुन्हा काहीतरी खरं पुढं करून त्याच्या आडनं. ऑक्टोबरात मी हो सर म्हणाले होते.

"नाही," मी म्हणाले. "मी थांबणार नाही. हिमालयातल्या कॅम्पला माझं नाव लागलंय. तिकीट माझ्याकडं आहे. माझ्या सामानात चूक असेल तर ती दाखवा. नसेल तर मी येणार."

सरांनी माझे दोन्ही जोड बघितले. आतली पट्टी वाचली. कापड ताणलं. बराच वेळ घेतला त्यांनी. सगळे बघत होते.

"सामान ठीक आहे," ते म्हणाले, आणि पुढच्याकडं गेले.

जिन्यात पद्मानं माझा दंड धरला. डोळ्यात पाणी होतं तिच्या.

"काय करू गं मी? मलाबी जायचंय की. बोलले असते तर मलाबी थांब म्हणले असते."

"माहीत आहे," मी म्हणाले. मी तिला माफ केलं नाही आणि तोडलंही नाही. तिचा दोष तिच्यापाशी राहू दे, मी तो पुसून देणार नाही.

परवा आम्ही निघतो आहोत. मी जाणार. त्यांच्यासोबतच जाणार, मागं राहून नाही. कुणाच्या अंगावरचं उतरलेलं माझ्या अंगावर चढणार नाही, मायेनं दिलं तरी नाही. आणि माझा हात लागलेलं काही कुणी बाजूला ठेवलं, थर्मल असो, पाणी असो, दोराचं टोक असो, तर मी रात्ररात्र जागून अंदाज बांधत बसणार नाही. तिथल्या तिथं, सगळ्यांच्या देखत विचारणार, का? तंबूत विचारणार, बर्फात विचारणार, परत आल्यावर त्याच गच्चीवर विचारणार. आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलणार नाही.